आयरिश सिनेमातली गप्प माणसं

शॉन नावाचा एक शेतकरी स्वयंपाकघरातून बाहेर पडता पडता टेबलावर एक बिस्कीट ठेवतो. तिथे एक नऊ वर्षांची मुलगी बसली आहे. तो तिच्याकडे बघत नाही, थांबत नाही, 'घे' असंही म्हणत नाही. आधी तो तिच्यावर ओरडलाय आणि ते बिस्कीट म्हणजे त्याने मागितलेली माफी आहे.

'अन कॅलीन क्यून' म्हणजेच 'द क्वाएट गर्ल' (२०२२) या सिनेमातला हा प्रसंग अर्ध्या मिनिटाचाही नसेल. तो पाहिल्यावर मी गेली दोन वर्षं मिळतील ते आयरिश सिनेमे बघत सुटले आहे.

हा सिनेमा मी आईबरोबर पाहिला. भाषा आयरिश, सबटायटल्स इंग्रजी. आईला इंग्रजी वाचता येतं, पण सबटायटल्सच्या वेगाने नाही. म्हणून मी शेजारी बसून हळू आवाजात मराठीतून सांगत होते. कोइच नावाची ही मुलगी उन्हाळ्यापुरती लांबच्या नातेवाइकांकडे राहायला आली आहे. एव्हलीन आणि शॉन हे जोडपं तिला जीव लावतं, आणि एव्हलीन तिला कपाटातले कुणा मुलाचे कपडे घालते. मग एक शेजारीण, नको तितक्या उत्साहाने, कोइचला सांगून टाकते की या दोघांना एक मुलगा होता आणि तो गेला. कपडे त्याचे होते.

ती ओळ मी आईला मराठीत सांगितलीच नाही. मी गप्प बसले. आईनेही 'काय म्हणाली ती?' असं विचारलं नाही.

माझ्या आधी आईला एक मुलगा झाला होता. तो अकरा महिन्यांचा असताना गेला. हे मला एकविसाव्या वर्षी एका लग्नाच्या पंगतीत लांबच्या मावशीने सांगितलं. लहानपणीच्या फोटोत माझ्या अंगावर जे निळं झबलं आहे, ते माझ्यासाठी शिवलेलं नव्हतं. आईशी मी हा विषय कधीच काढला नव्हता. आमच्या घरात याला समजूतदारपणा म्हणतात.

त्यामुळे आयरिश सिनेमात मला सगळ्यात आधी गप्प माणसं दिसली. हिरवी कुरणं, पब, व्हायोलिन हे सगळं नंतर दिसलं. प्रत्येक सिनेमा बघताना माझा एकच प्रश्न असतो : इथे गप्प कोण आहे आणि त्या गप्प राहण्याची किंमत कोण मोजतंय? हा प्रश्न ज्या सिनेमाला स्वतःला पडलेला असतो, तो मला पुन्हा बघावासा वाटतो.

(पुढे बऱ्याच सिनेमांची गोष्ट उघड होणार आहे. ते चालत नसेल तर सरळ शेवटच्या भागावर जा.)

हिरव्या कुरणातला अबोल हिरो

सुरुवात जुन्यापासून करू. जॉन फोर्डचा 'द क्वाएट मॅन' (१९५२). फोर्ड अमेरिकन, त्याचे आईवडील आयर्लंडमधून आलेले. मेयो परगण्यातल्या काँग या गावात जाऊन त्याने टेक्निकलरमध्ये एक आयर्लंड रंगवलं आणि उत्तम दिग्दर्शनाचं ऑस्कर मिळवलं. सत्तर वर्षं उलटली तरी जगाच्या डोक्यातलं आयर्लंड बरंचसं तेच आहे.

जॉन वेनचा नायक शॉन थॉर्नटन अमेरिकेत मुष्टियोद्धा होता. रिंगणात त्याच्या हातून एक माणूस मेला. हे त्याने गावात जवळपास कुणालाच सांगितलेलं नाही, म्हणून तो 'अबोल माणूस'. त्याच्या न बोलण्याला सिनेमा रुबाब देतो. त्याच्या बायकोच्या, मेरी केटच्या वाट्याला काय येतं? नवरा आपल्या हुंड्यासाठी का भांडत नाही हे तिला कळत नाही, आणि शेवटी तो तिला सगळ्या गावादेखत शेतातून ओढत नेतो. गाव मजेत मागे चालतं. एक बाई तर नवऱ्याला काठी देऊ करते. हा प्रसंग विनोदी म्हणून लिहिला आहे. आज तो बघताना माझा चेहरा आक्रसतो.

तरीही मी हा सिनेमा सोडून द्या म्हणणार नाही, आणि त्याचं कारण एक छोटासा प्रसंग आहे. नवराबायको वेगळे झोपतात हे मेरी केटला पाद्र्याला सांगायचंय. इंग्रजीत तिला लाज वाटते. ती विचारते, आयरिशमध्ये सांगू का? आणि ती आयरिशमध्ये सांगते. हॉलिवूडच्या त्या चकचकीत सिनेमात आयरिश भाषा दोन-चार वाक्यांपुरती येते, आणि येते ती न सांगता येणारी गोष्ट सांगण्यासाठी.

नाव कोणत्या भाषेत सांगायचं?

आयर्लंडमधल्या गप्प राहण्याला एक इतिहास आहे. १८४५ मध्ये बटाट्याच्या पिकावर रोग पडला. पुढच्या काही वर्षांत सुमारे दहा लाख माणसं उपासमारीने आणि साथींनी मेली, त्याहून जास्त जहाजांत बसून निघून गेली. १८४१ च्या जनगणनेत जवळपास ८२ लाख असलेली लोकसंख्या १८५१ मध्ये ६५ लाखांवर आली. सर्वांत मोठा घाव बसला तो गरीब पश्चिमेवर, म्हणजे जिथे आयरिश बोलली जायची त्याच भागावर. उरलेल्यांनी मुलांना इंग्रजी शिकवलं, कारण बोटीचं तिकीट आणि पलीकडची नोकरी दोन्ही इंग्रजीत होतं. एक भाषा काही पिढ्यांत घराघरांतून गप्प होत गेली. आज आयरिश ही त्या देशाची पहिली अधिकृत भाषा आहे, पण रोजच्या व्यवहारात ती मोजक्याच भागांत ऐकू येते.

टोमास ओ सुलवॉन यांचा 'आराख्त' (२०१९) हा आयरिश भाषेतला सिनेमा या दुष्काळाबद्दल आहे. कॉलमॉन हा कोळी जमीनदाराकडे भाडं वाढवू नका म्हणून विनवायला जातो. त्या रात्री त्याच्यासोबत आलेला माणूस खून करतो, आणि आळ येतो कॉलमॉनवर. तो समुद्राकाठच्या गुहेत लपतो. त्याचं घरदार संपलेलं असतं. मग त्याला एक आजारी मुलगी सापडते आणि तो पुन्हा कुणाशी तरी बोलायला लागतो. सिनेमाची गती संथ आहे, मधला भाग रेंगाळतो. पण दुष्काळ म्हणजे आकडा हा समज तो मोडतो. बोलायला कुणी उरलं नाही की माणूस आतून कसा आटत जातो, ते दिसतं.

केन लोचचा 'द विंड दॅट शेक्स द बार्ली' (२००६) १९२० च्या कॉर्क परगण्यात सुरू होतो. पोरं मैदानात हर्लिंग खेळून परतली आहेत. ब्रिटिश सैनिक येतात, भिंतीला लावून एकेकाला नाव विचारतात. सतरा वर्षांचा मीहॉल आपलं नाव आयरिशमध्येच सांगतो. इंग्रजीत सांग म्हटल्यावरही नाही सांगत. आत नेऊन त्याला मारून टाकतात. स्वतःचं नाव स्वतःच्या भाषेत सांगितल्याची ही शिक्षा.

आपल्याला या इतिहासाचा एक धागा ओळखीचा आहे. 'होमरूल' हा शब्द भारतात आला तो आयर्लंडच्या राजकारणातूनच. टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला होमरूल लीग स्थापन केली, आणि त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा सशस्त्र उठाव झाला. शाळेत आपण पहिली गोष्ट शिकतो, दुसरी नाही.

लंडनच्या हॉस्पिटलात रुजू व्हायला निघालेला तरुण डॉक्टर डेमियन (किलियन मर्फी) बंडात उतरतो. पुढे त्याला स्वतःच्या हाताने क्रिस या पोराला गोळी घालावी लागते. क्रिस लहानपणापासून ओळखीचा आहे. मालकाने धमकावल्यावर त्याने माहिती फोडलेली असते. नंतर डेमियन क्रिसच्या आईला मुलाच्या थडग्यापाशी घेऊन जातो. तासन्तास ती त्याच्यासोबत चालते आणि एक शब्द बोलत नाही. पोहोचल्यावर एवढंच म्हणते, की मला पुन्हा तुझं तोंड बघायचं नाही. हे लोच दाखवत नाही. डेमियन आपल्या प्रेयसीला, शिनेडला ते सांगतो आणि आपण त्याचा चेहरा बघत राहतो.

मग डिसेंबर १९२१ चा तह येतो. अर्धं स्वातंत्र्य घ्यायचं की पूर्णासाठी लढत राहायचं, यावर कालचे साथी एकमेकांवर बंदुका रोखतात. डेमियनचा सख्खा भाऊ टेडी तहाच्या बाजूने असतो, आणि डेमियनला गोळ्या घालण्याचा हुकूम त्यालाच द्यावा लागतो. बातमी घेऊन तो शिनेडकडे जातो तेव्हा तीही त्याला तेच सांगते : तुझं तोंड पुन्हा दाखवू नकोस. दोन बायका, दोन प्रेतं, एकच वाक्य. हा सिनेमा वादविवादांत कधीकधी वर्गातल्या तासासारखा वाटतो, पण या दोन प्रसंगांसाठी मी त्याला सगळं माफ करते.

याच्या शेजारी २०२४ चा 'नीकॅप' ठेवून बघा. बेलफास्टमधली तीन आयरिश भाषक रॅपर पोरं या सिनेमात स्वतःचीच थोडी खरी, बरीचशी वाढवलेली भूमिका करतात. सुरुवातीलाच बॉम्बस्फोटांची दृश्यं दाखवून सिनेमा सांगतो, की बेलफास्टची प्रत्येक गोष्ट अशी सुरू होते आणि आमची तशी होणार नाही. त्यातही एक पोरगा पोलीस ठाण्यात इंग्रजी बोलायला नकार देतो. दुभाषा म्हणून बोलावलेला संगीत शिक्षक त्याची वही लपवून त्याला सोडवतो, आणि पुढे त्यांच्याच बँडमध्ये डीजे होतो. १९२० मध्ये ज्या नकाराने जीव गेला, त्या नकारावर शंभर वर्षांनी थिएटर हसतं.

पण 'नीकॅप' नुसता धुमाकूळ नाही. मायकल फासबेंडरचा अर्लो हा बाप भाषेच्या लढ्याबद्दल मोठमोठं बोलतो, आणि स्वतः मेल्याचं नाटक करून वर्षानुवर्षं लपून राहतो. त्याची बायको डोलोरेस घराबाहेर पडणंच सोडून देते. लढ्यातली वाक्यं बापाकडे, आणि बंद दार आईकडे. ड्रग्ज आणि शिव्यांच्या गदारोळात हा भाग सुटू देऊ नका.

बरणीत बंद केलेलं दुःख

आयरिश लोककथांवरचे सिनेमे लहान मुलांचे समजून बाजूला ठेवू नका. किलकेनी शहरातल्या 'कार्टून सलून' या स्टुडिओचा 'साँग ऑफ द सी' (२०१४) हा हाताने काढलेल्या चित्रांचा सिनेमा आहे. दिग्दर्शक टॉम मूर. मुलासोबत डिंगलच्या किनाऱ्यावर गेला असताना मारून टाकलेले सील त्याला दिसले, आणि तिथून ही गोष्ट सुचली असं त्याने अनेकदा सांगितलं आहे. सील म्हणजे समुद्रात गेलेल्यांचे जीव, ही जुनी समजूत. ती असताना सील मारणं जड जायचं.

लोककथेतली सेल्की म्हणजे पाण्यात सील आणि कातडं उतरवलं की बाई. कातडं परत मिळालं की ती समुद्रात निघून जाते. सिनेमात एका दीपगृहाच्या रखवालदाराची बायको अशीच निघून गेली आहे. मुलगा बेन तिचा राग धाकट्या बहिणीवर काढतो. सीर्शा ही ती बहीण सहा वर्षांची झाली तरी बोलत नाही. बाप रात्री समुद्राकडे बघत बसतो, आणि मुलीचं सेल्कीचं वस्त्र कुलपात ठेवतो.

माखा नावाची एक घुबडी जादूगारीण आहे. तिच्या मुलाला असह्य दुःख झालं होतं, ते तिने काढून घेतलं, आणि त्याचा दगड झाला. तेव्हापासून ती सगळ्यांच्या भावना काचेच्या बरण्यांत भरून ठेवते. स्वतःच्याही. तिला कुणाचं वाईट करायचं नाहीये. तिला फक्त कुणी रडायला नकोय. मी इतकी ओळखीची खलनायिका दुसऱ्या कुठल्या सिनेमात पाहिलेली नाही. प्रत्येक घरात एक माखा असते. 'जाऊ दे, कशाला आठवायचं' असं म्हणत ती बरणीचं झाकण घट्ट लावते.

जॉन सेल्सचा 'द सीक्रेट ऑफ रोन इनिश' (१९९४) त्याच समजुतीवरचा, पण खऱ्या माणसांचा. एक कुटुंब बेट सोडून मुख्य भूमीवर येतं. त्या गडबडीत तान्ह्या जेमीचा पाळणा लाटांबरोबर वाहून जातो. दहा वर्षांच्या फियोनाला आजी-आजोबांकडून आणि गावातल्यांकडून कळतं, की बाळ सीलांकडे आहे, वाढतंय. 'बुडाला' हा शब्द कुणाला उच्चारायचा नाही, म्हणून गोष्ट सांगितली जाते. शेवटी सिनेमा ती गोष्ट खरी करून दाखवतो. अकरा महिन्यांच्या भावाची बहीण म्हणून मला तो शेवट गोड लागला आणि समीक्षक म्हणून थोडा खटकला. दोन्ही एकाच वेळी.

बेटावर सगळ्यांना सगळं माहीत असतं

मार्टिन मॅकडोनाचा 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन' (२०२२) तुमच्यातल्या अनेकांनी पाहिला असेल. १९२३. पलीकडे मुख्य भूमीवर यादवी युद्धाच्या तोफा. अलीकडे काल्पनिक बेटावर कॉलम एके दिवशी जिवलग मित्र पॉड्रिकशी बोलणं बंद करतो. पुन्हा बोललास तर माझं एक बोट छाटून टाकीन अशी धमकी देतो, आणि खरी करतो. नऊ ऑस्कर नामांकनं मिळाली, पुरस्कार एकही नाही. कॉलिन फॅरेलच्या भुवया मात्र जागतिक वारसा ठरल्या.

मला हा सिनेमा आवडतो आणि त्याच्याशी माझं भांडणही आहे. बॅन्शी ही लोककथेतली बाई घरातला मृत्यू जवळ आला की आक्रोश करते. कॉलम म्हणतो, की आताच्या बॅन्शी ओरडत नसाव्यात, बाजूला बसून मजा बघत असतील. संपूर्ण सिनेमा या कल्पनेवर उभा आहे आणि तिथेच मला तो थंड वाटतो. कारण बेटावर डॉमिनिक नावाचा एक पोरगा आहे. त्याचा पोलीस बाप त्याला बडवतो, त्याहून वाईटही करतो. हे बेटावर कुणापासून लपलेलं नाही. कॉलमच्या गप्प राहण्यावर सगळं गाव चर्चा करतं, डॉमिनिकबद्दल गाव गप्प असतं. शेवटी त्याचं प्रेत पाण्यात सापडतं आणि सिनेमा पुढे जातो, पॉड्रिकच्या गाढविणीच्या मृत्यूला जितका वेळ दिला त्याहून कमी वेळ त्याला देतो. मॅकडोनाला खरी गोष्ट सापडली होती. त्याने बाजूला बसून बघणं पसंत केलं. यातून सुटते ती पॉड्रिकची बहीण शिव्हॉन. ती वाचनालयातली नोकरी पकडते आणि बोटीत बसते.

एकाच लेखिकेची दोन घरं

आता पुन्हा 'द क्वाएट गर्ल'कडे. तो क्लेअर कीगन यांच्या 'फॉस्टर' (२०१०) या छोट्या पुस्तकावर बेतला आहे. पुस्तक इंग्रजीत आहे. दिग्दर्शक कॉलम बरेड यांनी ते आयरिशमध्ये नेलं आणि ऑस्करच्या आंतरराष्ट्रीय विभागात नामांकन मिळवणारा तो पहिला आयरिश भाषिक सिनेमा ठरला. भाषेची वाटणी बघा : कोइचचा बेफिकीर बाप इंग्रजी बोलतो, तर एव्हलीन आणि शॉन आयरिश. पहिल्या रात्री कोइच अंथरूण ओलं करते. सकाळी एव्हलीन गादीलाच दोष देते, जुन्या गाद्यांना ओल सुटतेच म्हणते. मुलीची लाज ती स्वतःच्या गादीवर घेते. असं खोटं बोलणारं माणूस आयुष्यात एक तरी भेटावं.

एव्हलीन कोइचला सांगते, की या घरात गुपितं नसतात, कारण गुपित असतं तिथे लाज असते. आणि त्याच घरात आगगाड्यांच्या चित्रांचा वॉलपेपर असलेली एक खोली आहे. मुलाबद्दल कळल्यानंतर रात्री समुद्राकाठी शॉन कोइचला समजावतो, की बोलायची सक्ती नसते, गप्प राहायची संधी दवडल्याने अनेकांनी पुष्कळ गमावलं आहे. पहिल्यांदा बघताना मला हे शहाणपण वाटलं. मी ती ओळ आईसाठी अगदी नीट मराठीत केली.

कीगन यांच्याच २०२१ च्या पुस्तकावरचा 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज' (२०२४) पाहिला आणि ते शहाणपण डळमळलं. १९८५ चा नाताळ, वेक्सफर्ड परगण्यातलं न्यू रॉस हे गाव. कोळसा विकणारा बिल फर्लाँग (पुन्हा किलियन मर्फी) कॉन्व्हेंटमध्ये कोळसा पोचवायला जातो आणि कोळशाच्या कोठारात कोंडलेली एक मुलगी त्याला सापडते. जोगिणींचं ते 'मॅग्डलेन लाँड्री' आहे. अविवाहित गरोदर मुली, अनाथ मुली, 'चालीच्या नसलेल्या' ठरवलेल्या मुली अशा धुलाईघरांत पगाराशिवाय राबत. सरकारी चौकशीच्या अहवालानुसार १९२२ पासून किमान दहा हजार बायका तिथे गेल्या. १९९३ मध्ये डब्लिनमधल्या एका कॉन्व्हेंटची जमीन विकायला काढली तेव्हा तिथून १५५ बायकांचे अवशेष निघाले. शेवटचं धुलाईघर १९९६ मध्ये बंद झालं. पंतप्रधान एंडा केनी यांनी सरकारतर्फे माफी मागितली ती २०१३ मध्ये.

पीटर मलनचा 'द मॅग्डलेन सिस्टर्स' (२००२) हीच गोष्ट संतापाने सांगतो. त्याची सुरुवात विसरता येत नाही. लग्नघरात ढोल आणि गाणं जोरात चालू आहे. एका मुलीवर वरच्या खोलीत चुलतभावाने बलात्कार केला आहे. खाली येऊन ती ते एकीला सांगते. संगीतात शब्द ऐकू येत नाहीत. फक्त कुजबुज एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर सरकताना दिसते, बायकांकडून पुरुषांकडे. दुसऱ्या दिवशी पहाटे गाडी येते. ती मुलीला न्यायला.

मलन भिंतीच्या आत जातो. 'स्मॉल थिंग्ज' मात्र भिंतीबाहेरच्या, चांगल्या माणसांबद्दल आहे, आणि म्हणून मला जास्त टोचतो. मठाधिकारी सिस्टर मेरी (एमिली वॉटसन) बिलला चहा देते आणि नाताळचं पाकीट देते. पाकिटात पैसे असतात, आणि न बोलण्याची अपेक्षा असते. बिलला पाच मुली आहेत, आणि गावातली मुलींची चांगली शाळा त्याच जोगिणींच्या हातात आहे. त्याची बायको आयलीन बजावते, की जगायचं असेल तर काही गोष्टींकडे काणाडोळा करावा लागतो. बिल रोज घरी आल्यावर ब्रशने हात घासतो. कोळसा निघतो की नाही हे आपण बघत राहतो.

हाही सिनेमा मी आईबरोबर पाहिला. मी आयलीनबद्दल काहीतरी कडवट बोलले. आई म्हणाली, "तिचं काय चुकलं? पाच मुली आहेत तिला."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुला कुणी सांगितलं?"

मी मावशीचं नाव घेतलं. आईने मान हलवली. माझी कल्पना होती की आईने मला जपायला ही गोष्ट सांगितली नाही. तसं नव्हतं. आजीने तिला सांगितलं होतं, की रडत बसायचं नाही, दुसरं होईल, त्याचं नाव घराबाहेर जायला नको. आई म्हणाली, "मग तू झालीस. मग सांगायची वेळ निघून गेली." एवढंच. मी ज्याला समजूतदारपणा समजत होते, तो तिच्यावर लादलेला हुकूम होता, आणि तीस वर्षं मी तो नकळत पाळायला मदत केली होती.

त्यानंतर मी 'द क्वाएट गर्ल' तिसऱ्यांदा पाहिला. सिनेमा आजही तितकाच सुंदर आहे. पण आता मला दिसतं, की गप्प राहण्याचं कौतुक शॉन करतो. मुलाबद्दल मनमोकळं बोलायची संधी एव्हलीनला कुणी देत नाही, सिनेमाही नाही. मुलाची गोष्ट आपल्याला शेजारीण सांगते. एव्हलीनने बोलायचं नाही असं ठरवलं होतं, की तिला कधी कुणी विचारलंच नाही? शेवटी कोइच धावत जाऊन शॉनला मिठी मारते आणि बापाला मारायची ती हाक दोनदा तिच्या तोंडून निघते. त्या वेळी एव्हलीन गाडीत आहे, रडते आहे. पहिल्या दोन वेळा मी फक्त मिठीकडे बघत होते.

हा सिनेमातला दोष आहे असं मी म्हणणार नाही. पण त्याची शांतता विसाव्याची म्हणून विकली जाते, तेवढी ती सोपी नाही. कीगन यांची दोन्ही घरं एकाच रस्त्यावर आहेत. जी सवय एका घरात मुलीला माया देते, तीच दुसऱ्या घरात मुलीला कोठारात सोडून पुढे जाते.

कुठून सुरुवात कराल?

दोनच बघणार असाल तर 'द क्वाएट गर्ल' आणि लगेच 'स्मॉल थिंग्ज लाइक दीज', याच क्रमाने. दोन्ही जेमतेम दीड तासाचे आहेत. शक्यतो फोनवर नको, आणि फोनवरच बघणार असाल तर हेडफोन लावा, कारण बरंच काही आवाजांत आहे.

घरात लहान मुलं असतील तर 'साँग ऑफ द सी', आणि मग त्याच स्टुडिओचा 'वुल्फवॉकर्स' (२०२०). त्यात १६५० मधलं इंग्रजांनी जिंकलेलं किलकेनी आहे. लांडगे मारायला आलेल्या शिकाऱ्याची मुलगी रानातल्या मुलीशी मैत्री करते. शहर ठोकळेबाज सरळ रेषांत काढलंय, जंगल सैल पेन्सिलीत. तो ॲपल टीव्हीवर आहे.

इतिहास हवा असेल तर 'द विंड दॅट शेक्स द बार्ली', आणि दुसऱ्या दिवशी उतारा म्हणून 'नीकॅप'. 'बॅन्शीज' बघा तेव्हा नजर डॉमिनिकवर ठेवा. 'द मॅग्डलेन सिस्टर्स' एकट्याने रात्री बघू नका. 'द क्वाएट मॅन' सगळ्यात शेवटी, म्हणजे त्या हिरव्या कुरणाखाली काय काय पुरलंय ते तोवर माहीत झालेलं असेल.

आणि सोबत कुणी मोठं माणूस बसलं असेल, तर एखादी ओळ गाळू नका. मी गाळली होती. आईला ती कळलीच होती.